किटलीचे बूड आणि गुंडाचा गळा

संगणकाच्या दुनियेतील सर्वांत प्रसिद्ध वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर बहुतेक लोक एखादे विमान, मोटार किंवा चित्रपटातला राक्षस सांगतील. खरे उत्तर आहे चहाची किटली. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी येथील युटा विद्यापीठात मार्टिन नेवेल नावाचे संशोधक १९७५ साली संगणकावर उमटवण्यासाठी एखादा आकार शोधत होते. घरातली किटलीच काढ, असे त्यांच्या पत्नीने सुचवले. नेवेल यांनी आलेखाच्या कागदावर तिची बाह्यरेषा काढली, वळणांचे बिंदू मोजले आणि ते आकडे संगणकात भरले. पुढे संगणकचित्रणाचा अभ्यास करणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी त्या किटलीवर प्रकाश पाडून पाहिला, सावल्या पाडून पाहिल्या. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

या किटलीच्या दोन गोष्टी मला भंडाऱ्याचा माणूस म्हणून फार लागतात. पहिली, नेवेल यांच्या आकड्यांत किटलीला बूडच नव्हते. टेबलावर ठेवलेल्या किटलीचे बूड कोण पाहतो? ते नंतर कुणीतरी जोडले. दुसरी, आकडे या हातातून त्या हातात जाताना कुठेतरी तिची उंची दाबली गेली. खरी किटली संगणकातल्या किटलीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने उंच आहे. आणि जगभर पसरली ती दाबलेलीच! संग्रहालयातली किटली पाहणाऱ्याला तीच चुकीची वाटावी, इतकी.

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. आमच्या जिल्ह्याची ओळख तलावांची, धानाची आणि पितळी भांड्यांची. मी स्वतः भांडी घडवणाऱ्या घरातला नाही. आराखडे काढणे हा माझा धंदा. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, रोटरिंग पेन यांवर सुरुवात केली आणि संगणक आल्यावर संगणकावर बसलो. गेली काही वर्षे जुन्या भांड्यांचे आकार उतरवून घेण्याचा नाद लागला आहे. गुंड, गंज, कोपर, घागर, गडवा ही नावे आमच्याकडच्या घरांतून अजून ऐकू येतात, पण वस्तू माळ्यावर गेल्या, तिथून मोडीत गेल्या. स्टीलने त्यांची जागा घेतली याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, आणि घासणारीच्या हातांना विचारा, ती स्टीलच्याच बाजूने कौल देईल. पण आकार का जावा? गुंडाच्या पोटापासून गळ्याकडे जाणारी ती रेषा एका माणसाने एका दिवसात शोधलेली नाही. पाण्याचे वजन, कमरेचा वळसा, दोर अडकवायची जागा, विहिरीच्या काठावर आपटण्याची शक्यता, या सगळ्यांनी मिळून ती घडवली आहे.

एका वयस्कर कारागिरांकडे मी पत्र्याचे फर्मे पाहायला गेलो होतो. फर्मा म्हणजे भांड्याच्या अर्ध्या बाह्यरेषेचा कापलेला पत्रा. भांड्याला लावून पाहायचा, उजेड दिसला की तिथे आणखी ठोकायचे. मी कागदावर मापे घेत होतो. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘गऱ्याचा मोड हाताले समजते बाबू, कागदाले समजत नाही.’’ मी म्हटले, ‘‘काका, हात किती दिवस राहणार?’’ ते हसले आणि फर्मा माझ्या हातात दिला. ‘‘घेऊन जा मंग. पन वापस आनजो.’’

तो फर्मा म्हणजे खरे तर एक फाईलच होती. माहिती पुरेपूर, वाचणारा मात्र एकच. त्या पत्र्यावर कुठेही लिहिलेले नव्हते की हा गुंडाचा आहे की घागरीचा, वरची बाजू कोणती, आणि हे माप भांड्याच्या बाहेरून आहे की आतून. काकांना ते ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज नव्हती. संगणकातल्या त्रिमिती फायलींचे दुखणे नेमके हेच आहे.

हे दुखणे मराठी वाचकाला समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. १९९० नंतरच्या दशकात ज्याने लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंक डीटीपीवर केला, त्याला आठवेल. एका दुकानात एका फाँटमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात नेला की पडद्यावर कंस, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि मधूनच एखादी वेलांटी. अक्षरे गेलेली नसत. प्रत्येक कंपनीने ‘क’ला वेगळा क्रमांक दिलेला असे, इतकेच. सरकारने १९९१ मध्ये इस्की नावाचे प्रमाण ठरवले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, पण छापखान्यांतून जुने फाँट जायला पुढे कित्येक वर्षे लागली. मधल्या काळात ‘कन्व्हर्टर’ नावाच्या छोट्या प्रोग्रामांवर मराठी छपाई तगली. त्यातून जोडाक्षरे फुटली, रफार पळाले, आणि ते हाताने दुरुस्त करणाऱ्या मुलामुलींची नावे कुठल्याच श्रेयनामावलीत आली नाहीत.

आकारांच्या बाबतीत गोष्ट आणखी एक पायरी अवघड आहे. फाँटमध्ये फक्त क्रमांक वेगळे होते. इथे आकार ‘सांगण्याची’ पद्धतच मुळात वेगळी असते.

एक पद्धत कृतीची. गुंड म्हणजे काय? ही एक वक्ररेषा घ्या, ती या आसाभोवती पूर्ण फिरवा, एक मिलिमीटर जाडी द्या, काठ बाहेर वळवा. अशा रेषांचे गणित फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्यासाठी विकसित झाले. रेनोमधले पिएर बेझिए आणि सित्रोएनमधले पॉल द कास्टलजो ही त्यातली दोन मोठी नावे. नेवेल यांची किटली बेझिए यांच्याच पद्धतीने लिहिलेली आहे. या प्रकारात वक्र खराखुरा वक्र राहतो, कितीही मोठा करून पाहा. कारखान्यांतली कॅड सॉफ्टवेअर अशीच चालतात, आणि त्यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी १९८० मध्ये अमेरिकेत इगेस नावाची आणि १९९४ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्टेप नावाची मांडणी आली. स्टेपचा अधिकृत क्रमांक आयएसओ १०३०३.

दुसरी पद्धत त्रिकोणांची. पृष्ठभाग कसाही असो, त्यावर लहान लहान सपाट त्रिकोण चिकटवत जायचे आणि त्यांच्या कोपऱ्यांचे आकडे लिहून ठेवायचे. एसटीएल हा यातला सर्वांत बोकाळलेला प्रकार. थ्रीडी छपाईचे जनक म्हणून ओळखले जाणारे चार्ल्स हल यांच्या कंपनीच्या यंत्रांसाठी तो १९८७ मध्ये तयार झाला. यंत्राला थरावर थर चढवायचा होता, त्याला त्रिकोण पुरेसे होते. स्कॅनरही शेवटी ठिपके आणि त्रिकोणच देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९४ मध्ये ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी एक भाजक्या मातीचा ससा स्कॅन केला. तो ससाही किटलीइतकाच गाजला. त्यात ६९,४५१ त्रिकोण आहेत आणि कोपऱ्याचे बिंदू ३५,९४७. म्हणजे बिंदू त्रिकोणांच्या साधारण निम्मे. एसटीएलमध्ये मात्र प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही कोपरे पुन्हा नव्याने लिहितो. सरासरीने एकच बिंदू सहा वेळा! प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात; लाखभर त्रिकोणांचा गुंड सुमारे ५० लाख बाइट खातो, आणि तरीही त्याचा रंग कोणता, धातू कोणता, हे सांगत नाही.

आता ३०० मिलिमीटर व्यासाचा गुंड घ्या. त्याच्या पोटाचे वर्तुळ ३६ सरळ तुकड्यांत तोडले, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर खऱ्या वर्तुळापासून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त अंतर पडते. बोट फिरवले तरी कडा लागतील. तुकडे १८० केले तर तेच अंतर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास येते. तुकडे पाचपट, चूक पंचविसावा हिस्सा. म्हणून कृतीतून त्रिकोणात जाताना ‘किती बारीक’ हे माणसाला ठरवावे लागते. सॉफ्टवेअर आपल्या मनाने एक आकडा धरते, आणि बहुतेक लोक तो न पाहताच ‘सेव्ह’ दाबतात.

धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे सांगायला एकच उपमा पुरते. कृतीपासून त्रिकोण म्हणजे तांदळाचे पीठ. चिन्नोर दळून त्याचे पीठ करता येते, भरड की बारीक ते गिरणीवाल्याला सांगता येते. पिठाचा चिन्नोर करता येत नाही. काही प्रोग्राम एसटीएल घेऊन स्टेप म्हणून साठवून देतात, आणि गिऱ्हाईक खूश होते. उघडून पाहिले तर आत तेच लाखभर सपाट तुकडे. पोत्यावर ‘तांदूळ’ लिहिले, आत पीठच. खरा परतीचा प्रवास करायचा तर माणसाने बसून त्या ठिपक्यांमधून पुन्हा वक्ररेषा ओढावी लागते, आस शोधावा लागतो, जाडी ठरवावी लागते. याला वेळ लागतो, आणि त्याची मजुरी द्यायला कुणी तयार नसते, कारण ‘फाईल तर आधीच आहे ना?’

मापाची गोष्ट तर विचारूच नका. एसटीएलच्या आकड्यांना एकक नसते. ३०० म्हणजे नुसते ३००. मिलिमीटर धरा, इंच धरा. आमच्या आज्यांच्या वेळी या गावची पायली आणि त्या गावची पायली सारखी नसे, म्हणून धान मोजताना पायली कुठली हे आधी विचारत. संगणक विचारत नाही. ३०० मिलिमीटरचा गुंड इंच समजून उघडला तर साडेसात मीटरहून मोठा होतो. दोन मजली घर मावेल! एवढी चूक लगेच दिसते म्हणून बरे. घात होतो तो लहान फरकात. मी एका ओतशाळेला (गाव आणि नाव राहू द्या) एका जुन्या गडव्याचा आकार पाठवला होता, सोबत कागदावर स्पष्ट लिहून की ही तयार भांड्याची मापे आहेत. पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो; जुने पॅटर्नमेकर त्यासाठी मुद्दाम वाढीव खुणांची पट्टी वापरीत. तिकडे कागद बाजूला पडला, फाईल तेवढी पुढे गेली, आणि नमुना बारीक होऊन आला. ३०० मिलिमीटरमागे साडेचार मिलिमीटर. झाकण बसेना. फाईलमध्ये तो फरक लिहायला जागाच नव्हती, आणि ज्या कागदावर होता तो कुणाच्या तरी टेबलावर राहिला.

मोठ्यांच्या घरीही हेच. एअरबस ए-३८० हे दुमजली प्रवासी विमान २००६ मध्ये रखडले, त्यामागे एक कारण तारांचे होते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे अभियंते ज्या कॅड सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, त्याचीच पाचवी आवृत्ती फ्रान्सच्या तुलूझमध्ये चालू होती. दोन आवृत्त्यांमध्ये आकार नीट उतरेनात. हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझच्या सांगाड्यात काही सेंटिमीटरांनी आखूड पडू लागले. एका विमानात तारा सुमारे ५०० किलोमीटर! पहिले विमान गिऱ्हाइकाला मिळायला २००७ चा ऑक्टोबर उजाडला, आणि एकूण उशिराची किंमत अब्जावधी युरोंत गेली. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने, तिथल्या मोटार उद्योगाला एकमेकांच्या फायली न जुळण्यापायी वर्षाला किमान एक अब्ज डॉलरचा फटका बसतो, असा हिशेब मांडला होता. त्या मानाने आमचे झाकण किरकोळच. पण रोग एकच.

आणखी काही व्याधी आहेत, त्या चटकन सांगतो. काही फॉरमॅट उभी दिशा ‘झेड’ धरतात, काही ‘वाय’. त्यामुळे एकीकडे उभा असलेला गुंड दुसरीकडे आडवा होऊन लोळतो. ओबीजे प्रकारात रंग-पोत वेगळ्या फायलीत राहतो, आणि ती सोबत न्यायला लोक विसरतात. मग पितळ राखाडी दिसते. त्रिकोणांच्या जाळीत कुठे एखादे छिद्र राहिले तर छपाईयंत्र अडते, कारण आत कोणते आणि बाहेर कोणते हे त्याला कळत नाही. अशा छिद्राविना जाळीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पाणी न गळणारी’. गुंडाच्या बाबतीत हा शब्द मला फार आवडतो. भांडे खरे असो की आकड्यांचे, कसोटी तीच.

उपाय नाहीत असे नाही. २०१५ मध्ये आलेला थ्रीएमएफ हा छपाईसाठीचा प्रकार एकक सोबत लिहून ठेवतो. त्याच वर्षीचा जीएलटीएफ हा पडद्यावर दाखवण्यासाठी चांगला. त्यात माप मीटरमध्येच, असे ठरलेले आहे. ब्लेंडर, फ्रीकॅड, इटलीतल्या पिसा शहरात तयार झालेले मेशलॅब ही मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालतात, आणि भंडाऱ्यात बसून मी जी कामे करतो ती सगळी यांच्यावरच. पैसे टाकून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या बंदिस्त फायलींबद्दल मात्र मला पहिल्यापासून धास्ती आहे. भाडे भरायचे थांबवले की आपलेच भांडे आपल्याला उघडता येत नाही, हा कुठला न्याय?

आमच्या जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली बौद्ध स्तूपांचे अवशेष, ब्राह्मी अक्षरे कोरलेले दगड बाहेर आले. दोन हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरे आज वाचता येतात, याचे कारण दगड टिकला एवढेच नाही. मधल्या कित्येक शतकांत ब्राह्मी वाचणारा कुणीच उरला नव्हता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी नाणी आणि लेख जुळवत ती पुन्हा उलगडली. दगड होता म्हणून प्रिन्सेपला संधी मिळाली. वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवरच्या बंदिस्त फायलीसाठी असा कुणी प्रिन्सेप उगवेल, यावर माझा विश्वास नाही. विमान उद्योगाने ही गोष्ट ओळखली आहे. विमान कित्येक दशके उडते आणि सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुने होते, म्हणून त्यांनी दीर्घकाळ जतन करायचे आराखडे स्टेपमध्येच ठेवण्याचे प्रमाण ठरवले. स्टेपची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडली तरी पहिल्याच ओळीत ती आपला आयएसओ क्रमांक सांगते. वाचणारा हुशार असेल तर सॉफ्टवेअरशिवायही तिच्यातून वर्तुळाची त्रिज्या शोधून काढील.

म्हणून मी प्रत्येक भांड्याच्या तीन प्रती ठेवतो. कृतीची स्टेप फाईल. मोजलेल्या पृष्ठभागाची, ठोक्यांच्या खुणांसकट, त्रिकोणांची फाईल. कारण मठारलेले भांडे गणिती वर्तुळ कधीच नसते आणि कारागिराचा हात त्या खुणांतच असतो. आणि तिसरी प्रत कागदावर, काळ्या शाईने, मिलिमीटरमध्ये, बाहेरचे माप की आतले हे लिहून, बुडासह. कुणी विचारले की यातली टिकणार कोणती, तर मी कागदाकडे बोट दाखवतो. माझ्या धंद्यातल्या तरुण मंडळींना ते जुनाट वाटते.

ज्यांच्या माळ्यावर असे भांडे असेल आणि मोडीत द्यायचा विचार असेल, त्यांनी देण्यापूर्वी अर्धा तास खर्च करावा. स्कॅनर लागत नाही. भांडे सपाट फरशीवर ठेवा. शेजारी ओळंबा सोडा, म्हणजे एक दोरा आणि खाली वजन. तो भांड्याला टेकू देऊ नका. फरशीपासून दर सेंटिमीटरला दोऱ्यापासून भांड्यापर्यंतचे आडवे अंतर पट्टीने मोजा. गळ्यापाशी आणि काठापाशी दर दोन मिलिमीटरला मोजा, तिथे रेषा झपाट्याने वळते. पोटाचा सर्वांत मोठा घेर दोरीने घ्या, काठाचा व्यास आणि पत्र्याची जाडी घ्या. वजन काट्यावर करा. सांधा कुठे झाळला आहे ते लिहा. मग भांडे उलटे करून बुडाचा फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. भांडे घरात काय म्हणून ओळखले जायचे, कोणत्या गावचे, कशाला वापरायचे, तेही आजीला विचारून त्याच कागदावर लिहा. एवढ्या आकड्यांवरून गुंडाची रेषा मला अर्ध्या दिवसात उभी करता येते.